कोर्टाची पायरी आणि बाबासाहेब



शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, असे आपल्याकडची जुनी माणसे सांगत. पण गरिबाला ती पायरी चढायची की नाही हे ठरवायची संधी फार वेळा मिळतच नाही. पोलीस घरी येतात, नाव लिहून घेतात आणि माणूस आरोपी होतो. त्या क्षणापासून खर्च सुरू होतो. वकिलाची फी, वकीलपत्रावरचे तिकीट, अर्जांवरची कोर्ट फी, निकालाची नक्कल, जामीन, जामीनदाराचे येणे-जाणे, दर तारखेला बुडणारी मजुरी आणि शिक्षा झालीच तर वर दंड. गुन्हा केला की नाही हे ठरायच्या आधीच अर्धे घर विकलेले असते.

बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे चरित्र आपण अनेक बाजूंनी वाचतो. अर्थतज्ज्ञ, सत्याग्रही, घटनाकार, धम्मप्रवर्तक. वकील म्हणून त्यांनी काय केले, हे मात्र आपल्या कार्यक्रमांतून कमी सांगितले जाते. न्यायाच्या दारात गरिबाकडून घेतल्या जाणाऱ्या पैशाशी त्यांचा संबंध आयुष्यभर आला. या लेखात त्यांच्या आयुष्याची तेवढीच बाजू पाहू.

उसन्या पैशांची सनद

१४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे सुभेदार रामजी सकपाळ आणि भीमाबाई यांच्या पोटी भीमरावांचा जन्म झाला. शिक्षणाच्या प्रत्येक टप्प्यावर फीचा प्रश्न उभा राहिला. मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजातले शिक्षण आणि पुढे १९१३ मध्ये अमेरिकेतले कोलंबिया विद्यापीठ, दोन्ही सयाजीराव गायकवाड महाराजांच्या शिष्यवृत्तीमुळे शक्य झाले. १९१६ मध्ये ते लंडनला गेले, तिथे ग्रेज इनमध्ये बॅरिस्टरीसाठी नाव नोंदवले. पण शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि १९१७ मध्ये अभ्यास अर्धा टाकून परतावे लागले.

मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी करून त्यांनी पैसे साठवले. राजर्षी शाहू महाराजांनी मदत केली, पारशी मित्र नवल भथेना यांनी कर्ज दिले आणि १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला गेले. २८ जून १९२२ रोजी ते बॅरिस्टर झाले. १९२३ मध्ये मुंबईत परतले तेव्हा हायकोर्टात वकिली करण्यासाठी लागणाऱ्या सनदेची फी भरायलाही हातात पैसे नव्हते. तेव्हाही भथेनाच धावून आले. जुलै १९२३ मध्ये बाबासाहेबांनी वकिली सुरू केली. म्हणजे ज्या दारातून पुढे त्यांनी शेकडो गरिबांना आत नेले, त्या दारातला त्यांचा स्वतःचा प्रवेशही उसन्या पैशांवर झाला होता.

कामे कुठून येणार?

त्या काळात मुंबई हायकोर्टात बॅरिस्टरला मोठी कामे मिळत ती सॉलिसिटरांच्या मार्फत. सॉलिसिटर बहुतेक युरोपियन, पारशी, गुजराती किंवा उच्चवर्णीय हिंदू. अस्पृश्य समाजातल्या बॅरिस्टराला ब्रीफ द्यायला ते तयार नसत. त्यामुळे बाबासाहेब अपील शाखेकडे आणि जिल्ह्यांच्या कोर्टांकडे वळले. घर चालवायला १९२५ पासून त्यांनी एका खासगी संस्थेत व्यापारी कायदा शिकवला. पुढे सरकारी लॉ कॉलेजात प्राध्यापक झाले आणि १९३५ मध्ये त्याच कॉलेजचे प्राचार्य.

परळच्या बीआयटी चाळीत दोन खोल्यांचे बिऱ्हाड आणि जवळच दामोदर हॉलमध्ये कार्यालय. जुलै १९२४ मध्ये स्थापन झालेल्या बहिष्कृत हितकारिणी सभेचे कामही तिथूनच चाले. गिरणी कामगार, गावाकडून आलेले महार-चांभार-मांग, भाऊबंदकीत अडकलेले, मारामारीच्या केसमध्ये सापडलेले असे सगळे तिथे येत. देण्यासारखे ज्यांच्याकडे काही नसे, त्यांच्याकडून ते फी घेत नसत. माता रमाई त्याच काळात घरचा खर्च पैसा-पैसा जोडून भागवत होत्या. फुकट चालवलेल्या प्रत्येक खटल्याचा खर्च शेवटी त्या दोन खोल्यांच्या घरावर पडत होता, हे विसरून चालणार नाही.

खटल्यांचा खर्च त्या काळी किती जड होता हे समजून घ्यायचे तर कायद्याकडे पाहावे लागेल. १८७० च्या कोर्ट फी कायद्याने फिर्यादीपासून नकलेपर्यंत बहुतेक कागदांना तिकीट लावले होते. अदखलपात्र गुन्ह्याची साधी फिर्याद द्यायची तरी फी होती आणि आरोपी दोषी ठरला तर फिर्यादीने भरलेले पैसे त्याच्याकडून वसूल करण्याची सोयही होती. भारतीय दंड संहितेत दंड न भरल्यास कैदेची तरतूद होती. ज्या गुन्ह्याला फक्त दंडाचीच शिक्षा आहे, तिथेसुद्धा पन्नास रुपयांपर्यंतचा दंड भरला नाही तर दोन महिन्यांपर्यंत कैद होऊ शकत असे आणि शंभर रुपयांपर्यंतच्या दंडासाठी चार महिन्यांपर्यंत. साध्या गिरणी कामगारांपैकी बहुतेकांचा महिन्याचा पगार पन्नास रुपयांहून कमी होता. एकाच गुन्ह्यासाठी पैसेवाला पैसे टाकून संध्याकाळी घरी जात असे आणि गरीब तुरुंगात जात असे. कायदा दोघांना एकच होता, पण तो पाळायला लागणारी रक्कम फक्त एकाच्याच खिशात होती.

तीन खटले

बाबासाहेबांचे नाव फौजदारी वकील म्हणून गाजले ते १९२६ मध्ये पुण्यात. ब्राह्मणेतर चळवळीतील दिनकरराव जवळकर यांनी देशाचे दुश्मन हे पुस्तक लिहिले. त्यात लोकमान्य टिळक आणि विष्णुशास्त्री चिपळूणकर यांच्यावर जहरी टीका होती. लेखक जवळकर, प्रकाशक केशवराव जेधे, प्रस्तावना लिहिणारे बागडे वकील आणि मुद्रक लाड या चौघांवर अब्रुनुकसानीची फिर्याद झाली. खालच्या कोर्टाने कैद आणि दंड अशी शिक्षा दिली. अपिलात बाबासाहेब उभे राहिले आणि सेशन्स कोर्टाने चौघांनाही निर्दोष सोडले. पुण्यासारख्या शहरात, अशा विषयावर, एका अस्पृश्य बॅरिस्टराने हे अपील जिंकले, याची चर्चा महाराष्ट्रभर झाली.

दुसरा प्रसंग ऑक्टोबर १९२८ चा. सायमन कमिशन पुण्यात आले होते आणि २३ ऑक्टोबरला बहिष्कृत हितकारिणी सभेच्या वतीने बाबासाहेबांची साक्ष व्हायची होती. अस्पृश्यांचे राजकीय हक्क सरकारी समितीपुढे मांडण्याची ही मोठी संधी होती. नेमके त्याच वेळी ठाण्याच्या सेशन्स कोर्टात त्यांचे अशील गंभीर गुन्ह्यासाठी उभे होते. वकील नसता तर त्यांना फाशीही होऊ शकली असती. साक्ष सोडली तर समाजाचे नुकसान, खटला सोडला तर काही माणसांचे जीव धोक्यात. बाबासाहेबांनी न्यायाधीशांना विनंती केली की सरकारी वकिलांच्या आधी बचावाचे भाषण करू द्यावे. नेहमीच्या क्रमाच्या हे उलट होते आणि बचावासाठी त्यात धोकाही होता, कारण सरकार पक्ष काय मांडणार हे ऐकण्याआधीच उत्तर द्यायचे होते. न्यायाधीशांनी परवानगी दिली. बाबासाहेबांनी युक्तिवाद पूर्ण केला आणि मग पुणे गाठले. पुढे त्या खटल्यातले बहुतेक आरोपी सुटले.

या प्रसंगावर आपण थांबून विचार करावा असे मला वाटते. लाखो लोकांच्या हक्काचे काम समोर असताना कोणी म्हटले असते की चार-दोन आरोपींचे काय, दुसरा वकील बघतील. पण त्या आरोपींना दुसरा वकील परवडणारा नव्हता. ज्याचे वकीलपत्र घेतले त्याला शेवटपर्यंत सोडायचे नाही, हा नियम त्यांनी मोठ्या कामासाठीही मोडला नाही. अष्टांगिक मार्गातली सम्यक आजीविका रोजच्या धंद्यात कशी दिसते, याचे हे साधे उदाहरण आहे.

तिसरा खटला त्यांनी हरलेला आहे. संततिनियमन आणि लैंगिक शिक्षण यांवर समाजस्वास्थ्य हे मासिक चालवणारे र. धों. कर्वे यांच्यावर अश्लीलतेचे खटले झाले. आधीच्या खटल्यात त्यांना शंभर रुपये दंड झाला होता. १९३४ मध्ये वाचकांच्या प्रश्नांना दिलेल्या उत्तरांवरून पुन्हा खटला झाला, तेव्हा बाबासाहेबांनी त्यांची बाजू मांडली. निकाल विरुद्ध गेला आणि कर्व्यांना दोनशे रुपये दंड झाला. आधीच तोट्यात चालणाऱ्या मासिकाला असा दंड म्हणजे लेखणीवरचा करच होता. लोकांना न आवडणाऱ्या माणसाची बाजू घेतली तर हरण्याची शक्यता जास्त, हे ठाऊक असूनही बाबासाहेब उभे राहिले.

खटला हेच शस्त्र झाले तेव्हा

महाडला त्यांना स्वतःलाच प्रतिवादी व्हावे लागले. मार्च १९२७ च्या चवदार तळ्याच्या सत्याग्रहानंतर, डिसेंबरच्या दुसऱ्या परिषदेच्या तोंडावर स्पृश्य मंडळींनी दिवाणी दावा लावला आणि १४ डिसेंबर १९२७ रोजी तात्पुरता मनाई हुकूम मिळवला. दावा दिवाणी होता, पण हुकूम मोडला असता तर हजारो गरीब सत्याग्रहींना तुरुंग पाहावा लागला असता. बाबासाहेबांनी सत्याग्रह थांबवला आणि लढाई कोर्टात नेली. महाडच्या कोर्टात १९३१ मध्ये निकाल बाजूने लागला. विरोधक अपिलात गेले, ठाण्यात हरले, मग हायकोर्टात गेले. १७ मार्च १९३७ रोजी हायकोर्टानेही त्यांचे अपील फेटाळले. एका तळ्याच्या पाण्यासाठी जवळजवळ दहा वर्षे. समोर बॅरिस्टर आंबेडकर नसते, एखादा महाडचाच मजूर असता, तर दावा किती तारखा टिकला असता?

कोर्टाबाहेरचा खर्चही त्यांनी नोंदवला. १९२८ मध्ये मुंबई सरकारने नेमलेल्या स्टार्ट समितीचे ते सभासद होते. अस्पृश्य आणि आदिवासी यांची स्थिती या समितीने पाहिली आणि १९३० मध्ये अहवाल दिला. अस्पृश्यांनी हक्क मागितला की गाव त्यांच्यावर बहिष्कार घालते, काम, किराणा, रस्ता सगळे बंद करते, हे त्या अहवालात स्पष्ट आले. फिर्याद दिली तर कोर्टाची फी भरून भागत नाही, वर्षभराची रोजीरोटी जाते. म्हणूनच बाबासाहेबांनी पुढे सामाजिक बहिष्कार हाच गुन्हा ठरवावा अशी मागणी सातत्याने केली.

१९३८ मध्ये मुंबई विधानसभेत औद्योगिक कलह विधेयक आले. बेकायदा ठरवलेल्या संपात सामील होणाऱ्या कामगाराला त्यात शिक्षा होती. स्वतंत्र मजूर पक्षाचे नेते म्हणून बाबासाहेबांनी विरोध केला. काम सोडणे हा फार तर कराराचा भंग आहे, त्याला गुन्हा ठरवणे म्हणजे माणसाला गुलाम करणे, अशी त्यांची मांडणी होती. ७ नोव्हेंबर १९३८ रोजी या विधेयकाविरुद्ध मोठा संप झाला. कोणत्या गोष्टीला गुन्हा म्हणायचे हे ठरवणाऱ्यांच्या हातात गरिबाच्या खिशाची चावी असते, हे त्यांनी ओळखले होते.

घटनेत काय आले, काय राहिले

घटना समितीत जगण्याच्या आणि स्वातंत्र्याच्या हक्काचे कलम मंजूर झाले, पण त्यातली न्याय्य प्रक्रियेची हमी अनेकांना अपुरी वाटली. ती उणीव भरून काढण्यासाठी १५ सप्टेंबर १९४९ रोजी बाबासाहेबांनी नवे कलम मांडले. आज ते अनुच्छेद २२ आहे. अटक केलेल्या माणसाला अटकेचे कारण सांगायचे, चोवीस तासांत दंडाधिकाऱ्यापुढे उभे करायचे आणि आपल्या पसंतीच्या वकिलाकडून बचाव करण्याचा हक्क नाकारायचा नाही. अनुच्छेद ३२ ने मूलभूत हक्कांसाठी थेट सर्वोच्च न्यायालयात जाण्याची वाट दिली. या कलमाला ते घटनेत सर्वांत वरचे स्थान देत.

पण एक गोष्ट राहिली होती. पसंतीचा वकील मिळण्याचा हक्क घटनेने दिला. त्या वकिलाची फी कोण देणार, हे मूळ घटनेत लिहिलेले नव्हते. दामोदर हॉलमध्ये तो प्रश्न बाबासाहेब स्वतःच्या खिशातून सोडवत होते. देशभरासाठी तो सुटायला आणखी वेळ लागला.

आयुष्याच्या शेवटच्या वर्षी, १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला धम्मदीक्षा झाली. त्याच वर्षी पीपल्स एज्युकेशन सोसायटीने मुंबईत सिद्धार्थ विधी महाविद्यालय सुरू केले. ६ डिसेंबर १९५६ रोजी बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले. समाजाला त्यांनी धम्म दिला आणि त्याच वर्षी वकील घडवणारी शाळाही दिली.

त्यांच्यानंतर

१९७६ च्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद ३९अ आला आणि मोफत कायदेशीर मदत ही राज्याची जबाबदारी ठरली. १९७८ मध्ये होसकोट विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की कैद्याला निकालाची नक्कल मोफत आणि वेळेवर मिळाली पाहिजे, तसेच अपिलासाठी वकीलही. त्याच वर्षी मोतीराम या मध्य प्रदेशातल्या गवंड्याच्या खटल्यात गरिबाला न झेपणारी जामिनाची रक्कम लावण्यावर न्यायालयाने कडक टीका केली. १९८७ चा विधी सेवा प्राधिकरण कायदा १९९५ पासून लागू झाला. त्यानुसार अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती, महिला, मुले आणि कोठडीत असलेला कोणीही, यांना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. १९९० च्या दुरुस्तीमुळे अनुसूचित जातींतून आलेले बौद्धही यात येतात. राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाचा मदत क्रमांक १५१०० आहे.

तरीही २०२२ च्या अखेरीस भारतातल्या तुरुंगांत दर चार कैद्यांपैकी सुमारे तीन कच्चे कैदी होते, म्हणजे ज्यांचा गुन्हा सिद्ध झालेला नाही असे. जामीन मंजूर होऊनही पैसे नाहीत म्हणून आत बसलेले त्यांत आहेत. २०२३ मध्ये केंद्र सरकारने गरीब कैद्यांसाठी योजना आणली. जामिनासाठी ४०,००० रुपयांपर्यंत आणि दंडासाठी २५,००० रुपयांपर्यंत मदतीची तरतूद त्यात २०२३ मध्ये होती. गावाकडे आपल्या ओळखीत असे कोणी असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे दार ठोठवायला सांगणे, एवढे काम आपण इथे बसून एका फोनवर करू शकतो.

इथे कुवेतमध्येही हा विषय परका नाही. फिंतास, मंगाफ, महबुला भागात राहणाऱ्या आपल्या कामगार बांधवांना राहण्याच्या परवान्याची मुदत संपल्यावर चढणारा दंड ठाऊक आहे. ऑगस्ट २०२३ पासून परदेशी माणसाला वाहतुकीचे दंड भरल्याशिवाय देश सोडता येत नाही. कायदा पाळणे हे तर पंचशीलाला धरूनच आहे आणि इथल्या नियमांचा मान राखणे आपले कर्तव्य आहे. पण अडचणीत सापडलेल्याला एकटे सोडू नये. भारतीय दूतावासाकडे भारतीय समुदाय कल्याण निधी आहे. गरजू भारतीयाला कायदेशीर मदत, तुरुंगातून सुटण्यासाठी लहान दंडाची रक्कम आणि परतीचे तिकीट, अशा कारणांसाठी तो वापरता येतो. ही माहिती ज्याला सर्वांत जास्त हवी, त्याच्यापर्यंतच ती सहसा पोहोचलेली नसते.

सम्राट अशोकाच्या पाचव्या शिलालेखात धम्ममहामात्रांच्या कामांत बंदिवानांना मदत करणे आणि पोराबाळांची जबाबदारी असलेल्या किंवा वृद्ध कैद्यांच्या सुटकेकडे लक्ष देणे, ही कामे सांगितली आहेत. तुरुंगातल्या माणसाकडे पैसे मागण्याऐवजी त्याच्यासाठी पैसे खर्च करणारे राज्य आपल्या परंपरेत होऊन गेले आहे. बाबासाहेबांनी दामोदर हॉलमधल्या टेबलावर तेच केले. आपण दान पारमितेबद्दल बोलतो तेव्हा विहार आणि भोजनदान यांच्याबरोबर एखाद्याच्या जामिनाचा, नकलेचा, तारखेच्या गाडीभाड्याचा विचारही व्हावा. बाबासाहेबांच्या काळात हे काम एका बॅरिस्टराच्या घरखर्चातून चालले. आज आपण पगारदार माणसे इतकी आहोत की ते वाटून घेता येईल.